आठ-शून्यचा स्कोअर आणि माझा एक जुना सल्ला



मागच्या रविवारच्या व्हिडिओत बोलता बोलता मी फुटबॉलचं उदाहरण दिलं आणि विषय अर्धवट सोडला. व्हिडिओ बारा मिनिटांचा आणि मी कोल्हापूरचा. फुटबॉल सुरू झाला की थांबत नाही. म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. शिवाय यात मला माझाच एक सल्ला मागे घ्यायचाय.

विषय आपल्या १७ वर्षांखालील मुलींच्या टीमचा. १७ ऑक्टोबर २०२५ ला किर्गिझस्तानमधल्या बिश्केकला त्यांनी उझबेकिस्तानला २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशिया कपचं तिकीट काढलं. या वयोगटात पात्रता फेरी खेळून भारत तिथे पहिल्यांदाच पोचलाय. त्याआधी ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील मुलींनी यांगूनला म्यानमारला त्यांच्याच मैदानावर १-० हरवून आपल्या वयोगटाचा आशिया कप गाठला, तोही वीस वर्षांनी. तुमच्यापैकी किती जणांनी या बातम्या वाचल्या? नसतीलच वाचल्या. पण २०२२ चा ८-० मात्र सगळ्यांना पाठ आहे.

तेव्हा याच वयोगटाचा वर्ल्ड कप भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. आपण यजमान, त्यामुळे एंट्री थेट. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्याला ८-० हरवलं, हाफटाइमलाच ५-० होते. मग मोरोक्को ३-०, आणि १७ ऑक्टोबरला ब्राझील ५-०. तीन मॅच, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्यावर जे विनोद फिरले ते मला आजही आवडत नाहीत. सतरा वर्षांच्या पोरींवर हसणारे आपण, आणि आपल्या गल्लीतल्या किती पोरींना आपण बॉल घेऊन दिला?

त्या टीमची कॅप्टन अस्तम उरांव. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिची निवड झाल्यावर गावात रस्त्याचं काम सुरू झालं आणि तिचेच आईवडील त्या रस्त्यावर मजुरी करत होते, अशी बातमी तेव्हा आली होती. पोरीची मॅच घरच्यांना बघता यावी म्हणून प्रशासनाने टीव्ही बसवून दिला. म्हणजे पोरगी आधी तिच्या जोरावर कॅप्टन झाली, रस्ता नंतर आला. अशा मुलीला ‘कष्ट कमी पडले’ असं कोण म्हणेल? कष्ट कमी नव्हतेच.

कमी काय होतं ते मोरोक्कोकडे बघितलं की कळतं. या वर्ल्ड कपला मोरोक्कोही पहिल्यांदाच आलेला, आपल्यासारखाच नवखा. हाफटाइमला भारत ०, मोरोक्को ०. तिन्ही गोल नंतरचे. फरक काय? मोरोक्को आफ्रिकेच्या पात्रता फेरीतून, घानासारख्या टीमला पेनल्टीवर हरवून आला होता. हरलो तर घरी, अशा मॅच त्यांच्या पोरींनी खेळलेल्या. ब्राझील आणि अमेरिकेकडून तेही हरले, गटातून बाहेरही गेले, पण एक मॅच जिंकून गेले. ती आपल्याविरुद्धचीच.

आपल्या मुलींकडे कॅम्प होता. जमशेदपूरला चांगली सोय होती, स्वीडनचे डेनरबी कोच होते, परदेश दौरेही झाले. जूनमध्ये इटलीने ७-० हरवलं तेव्हाच काय ते कळायला हवं होतं, पण वर्ल्ड कप चार महिन्यांवर आलेला, थांबणार कोण? आधीची दोन वर्षं कोविडने खाल्लेली. हाच वर्ल्ड कप २०२० ला भारतात व्हायचा होता, तो रद्द झाला होता. त्यात १५ ऑगस्ट २०२२ ला फिफाने आपल्या फेडरेशनवर बंदी घातली. अकरा दिवसांनी ती उठली म्हणून स्पर्धा वाचली. भांडण फेडरेशनच्या कारभाराचं, टांगणीला मुली. दुकानमालकाच्या भावाभावांच्या वादात ज्यांच्या भाड्याच्या गाळ्याला कुलूप लागलंय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता माझं सांगतो. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान. २०१९ च्या दिवाळीआधी मामांच्या ओळखीने एका मिठाईवाल्याकडून पंचवीस हजार छापील बॉक्सची ऑर्डर मिळाली. कोटेशन नाही, सॅम्पल नाही, ‘आपलाच भाचा आहे’ एवढ्यावर. तोपर्यंतची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर तीन हजारांची. मी पेढे वाटले! पुढे काय झालं? कटिंग बाहेरून करून घेत होतो, त्याच्याकडे आधीच रांग. चिकटवलेले बॉक्स पावसाळी हवेत उघडायला लागले. धनत्रयोदशीपर्यंत अकरा हजार पोचवले. मिठाईवाल्याने बिलातून पैसे कापले, आणि बरोबर कापले. मामा वर्षभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. तो माझा ८-० होता.

आणि तरीही २०२१ च्या एका व्हिडिओत मी काय सांगितलं? ‘मोठी ऑर्डर आली की आधी हो म्हणा, कसं करायचं ते नंतर शिका.’ हे वाक्य माझं नव्हतंच. सगळे ट्रेनर म्हणतात, टाळ्या पडतात, म्हणून मीही म्हटलं. तो व्हिडिओ माझ्या चॅनेलवर सगळ्यात जास्त बघितला गेलाय, याची मला आता लाज वाटते.

एक गोष्ट मात्र खरी, ती लपवून चालणार नाही. यजमान म्हणून मिळालेली एंट्री अगदीच वाया गेली नाही. २०२२ च्या त्या टीममधल्या शुभांगी सिंग, मोनालिशा देवी या मुली २०२५ च्या २० वर्षांखालील टीममध्ये होत्या. सोळा गोल खाल्लेल्या टीममधल्या मुली तीन वर्षांनी आशियाचं तिकीट काढणाऱ्या टीममध्ये. त्यामुळे ओळखीने आलेलं काम घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पण मधल्या काळात या मुली खेळत राहिल्या. खेलो इंडियाच्या अस्मिता लीगसारख्या स्पर्धांमुळे लहान वयाच्या मुलींनाही मॅच मिळायला लागल्यात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सराव आणि मॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी शंभर केक केले म्हणजे ऑर्डरचा केक जमतोच असं नाही. समोर पैसे दिलेलं गिऱ्हाईक उभं असतं तेव्हा हात वेगळा चालतो.

बिश्केकच्या मॅचमध्ये हेच दिसलं. उझबेकिस्तानने पहिला गोल केला. कोच अलेक्झांडरसन यांनी हाफटाइमची वाट न बघता थंडामोनी बास्केला आत घेतलं. ५५ व्या मिनिटाला तिनेच बरोबरी केली, ६६ व्या मिनिटाला अनुष्का कुमारीने दुसरा गोल. नाद खुळा! पिछाडीवरून जिंकणं कॅम्पमध्ये शिकवता येत नाही. आणि कोचचं बघा: चूक दिसली, पाच मिनिटं थांबायला काय हरकत, असं नाही म्हणाले. आपण मार्चपर्यंत थांबतो, सीए आकडे देईल मग बघू म्हणून.

तारीख लक्षात आली का? ब्राझीलकडून ५-० झाला तो १७ ऑक्टोबर, आणि बिश्केकचाही १७ ऑक्टोबर. मध्ये बरोबर तीन वर्षं.

हे सगळं लिहायला निमित्त झालं आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं. इचलकरंजीजवळ त्या घरी चटण्या आणि मसाले करतात, महिन्याला साधारण चाळीस किलो. दिरांच्या ओळखीने त्यांना एका मोठ्या दुकानसाखळीत थेट माल ठेवायची संधी आलीय, महिन्याला चारशे किलो. त्यांनी मला माझाच तो २०२१ चा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, हो म्हणू ना?’

मी त्यांना फोन केला. म्हटलं, ताई, त्या व्हिडिओतलं ऐकू नका. दिरांना मध्ये घालून तीन महिने मागा. पहिल्या महिन्यात ऐंशी किलो, एकाच दुकानात, त्यांच्याच पॅकिंगच्या आणि तारखेच्या अटींवर. माल परत आला तर किती आला आणि का आला, ते वहीत लिहा. त्या म्हणाल्या, ‘आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाला दिलं तर?’ मी म्हटलं, जाऊ शकतं. तेही खरं आहे.

परवा त्यांचा निरोप आला. साखळीवाले दोन महिन्यांना तयार झालेत, तीन नाही. सोमवारी पहिली ऐंशी किलोची गाडी आहे, आणि लेबलवर बॅच नंबर कुठे छापायचा, हे त्यांनी मला विचारलंय.