छपरावर चढण्याआधी

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली. सतरंज्या गुंडाळायचे काम चालू होते, तेवढ्यात एक आक्का जवळ येऊन थांबल्या. म्हणाल्या, "दादा, पोरगं आय.टी.आय. झालंय. सोलरच्या कामाला जातो म्हणतंय. हजेरी बरी हाय म्हणं, पण छपरावर चढायचं काम. धाडू का नको?"

प्रश्न साधा, पण उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. "आठवड्याभरात सांगतो," म्हणालो. आज या सदरात सांगतो आहे, कारण त्या आक्कांसारख्या अनेक माउल्या आपल्या वस्त्यांतून हाच विचार करीत असतील.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की काम वाढते आहे आणि ते वाढणार आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांच्या छपरांवर प्लेटा बसत आहेत. शेतावर सौर पंप येत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. त्यात देशातील १ कोटी घरांवर सोलर बसवायचे ठरले आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले. तेव्हापासून कोल्हापूर शहराच्या गल्ल्यांतूनही जिने चढणारी पोरे दिसतात. ही पोरे कोणाची? कार्यालयात बसून नकाशा काढणारा वेगळा, अर्ज भरणारा वेगळा. तीस किलोची प्लेट डोक्यावर घेऊन जिना चढणारा मात्र फार वेळा आपल्या वस्तीतला असतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत आणि कमी मजुरीच्या खात्यांतच ठेवीत. आता तसा उघड मज्जाव नाही. तरीही धोक्याचे आणि कमी पैशाचे टोक आपल्याच हातात येते, हे जुने गणित पुरते मोडलेले नाही.

तरीसुद्धा मी आक्कांना "धाडू नका" असे म्हणणार नाही. हातात हुन्नर देणारे काम आहे, आणि पोटाला अन्न देणारे काम कधी हलके नसते. पण कसे धाडायचे, हे मात्र सांगणार आहे. त्याला कारण आमच्याच घरात आहे.

माझा मेव्हणा काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या छपरावर प्लेटांचा सांगाडा बसवायला गेला होता. सिमेंटचा पत्रा, त्यावर भट्टीच्या धुळीचा थर. त्या धुळीखाली उजेडासाठी बसवलेला एक प्लास्टिकचा पत्रा होता. वरून दोन्ही सारखेच दिसत होते. त्याने पाय ठेवला आणि तो सरळ खाली यंत्राशेजारी आला. कमरेचे हाड गेले. बेल्ट? होता. टेंपोत होता. दवाखान्यात भेटायला येणारे म्हणाले, "नशिबात होतं." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात बसून हे बोलताना कोणाला काही वाटले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. धुळीखाली प्लास्टिक होते, ते कोणी आधी पाहिले नाही आणि पायाखाली फळी टाकली नाही. कारण एवढेच होते. यात नशीब कुठे आले?

पुढचे त्याहून वाईट. ठेकेदार म्हणाला, "हा माझा माणूस नव्हे, दुसऱ्याच्या टोळीतून आला होता." कारखाना म्हणाला, "आम्ही काम कंपनीला दिले." कंपनी म्हणाली, "आम्ही ठेकेदाराला दिले." हजेरीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. माझा मेव्हणा दीड महिना ज्या छपरावर होता, त्या छपरावर तो होता हेच सिद्ध करता आले नाही. आजही तो वाकून चालतो. घर माझी बहीण चालवते.

म्हणून पत्र्याची गोष्ट आधी. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो. जुना झाला की तो बिस्किटासारखा तुटतो. त्यावर चालायचेच असेल तर खालच्या लोखंडी कैचीवर टेकतील अशा लांब फळ्या टाकाव्या लागतात आणि फळीवरूनच चालावे लागते. उजेडाचे पत्रे कुठे आहेत ते छपरावरून कळत नाही, शेडमध्ये खाली उभे राहून वर पाहिले की कळते. दहा मिनिटांचे काम आहे. खुणा करून घ्याव्यात, त्या जागी कठडा लावावा किंवा खालून जाळी बांधावी. शिवाय अशा जुन्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते. त्याला भोक पाडताना उडणारी धूळ छातीत बसली की दुखणे वीस-तीस वर्षांनी उगवते. तेव्हा ठेकेदार कुठे आणि आपण कुठे! भोक पाडताना जागा ओली करावी आणि चांगला मास्क लावावा. तोंडाला गुंडाळलेल्या रुमालाने काही होत नाही.

स्लॅबचे घर सुरक्षित वाटते, पण तिथे निराळा फसवा प्रकार आहे. घरमालकाला गच्चीवर वाळवण घालायचे असते, पोरांना खेळायचे असते. म्हणून तो सांगाडा आठ-दहा फूट उंच करून मागतो. झाले! गच्चीला कठडा आहे, पण काम करणारा कठड्याच्या कितीतरी वर, आणि बहुधा कडेलाच. साताऱ्याकडे वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथल्या मनोऱ्यावर बेल्टशिवाय चढायचे कोणाच्या मनातही येणार नाही, कारण उंची डोळ्यांना दिसते. दोन मजली घराची उंची सवयीची झालेली असते, म्हणून ती दिसत नाही. माणूस मरायला मात्र तेवढी पुरते.

आता बेल्ट. कमरेला बांधायचा नुसता पट्टा नको. खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण अंगाचा हवा आणि त्यावर आय.एस.आय.ची खूण हवी. पण बेल्ट घातला म्हणजे झाले, असे नाही. दोर कशाला बांधला? पाण्याच्या टाकीच्या पाइपला? नुकत्याच उभ्या केलेल्या, अजून नटही न आवळलेल्या सांगाड्याला? तसे असेल तर बेल्ट नसल्यातच जमा. दुसरे असे की सहा फुटी दोराने लटकलेला माणूस थांबेपर्यंत पंधरा-अठरा फूट मोकळी जागा लागते. बारा फूट उंचीच्या शेडवर तो दोर पडणाऱ्याला पुरता थांबवण्याआधीच माणूस जमिनीला लागतो. अशा जागी दोर इतका आखूड ठेवायचा की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. आणि पडून लटकलाच, तर त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते, कारण मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडते. म्हणजे छपरावर एकट्याने काम करायचेच नाही.

प्लेट सात-साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. वारा सुटला की ती होडीच्या शिडासारखी माणसाला घेऊन जाते. ती दोघांनी धरायची. एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हाताने शिडी, हा पराक्रम कोणी करू नये. वळवाचा वारा उठला, पाऊस लागला, शेवाळ धरले, तर त्या दिवशी काम बंद. मालक मार्चअखेर म्हणो की अनुदानाची मुदत म्हणो.

विजेबद्दल आपल्या वायरमन पोरांना एक जुनी सवय नडते. घरात काम करताना मेन स्विच पाडला की तारा मेल्या, असे आपण शिकलो. सोलरमध्ये खालचा स्विच पाडला तरी प्लेटेकडची तार जिवंतच असते, कारण वर ऊन आहे. सहा प्लेटा एकापुढे एक जोडल्या की सुमारे तीनशे व्होल्ट होतात. कारखान्यावर ओळी लांब असतात, तिथे याच्या दुप्पट-तिप्पट. आणि ही वीज एकाच दिशेने वाहणारी असते. चालू कामात जोड खेचून काढला तर जी ठिणगी पेटते ती आपोआप विझत नाही, ज्योतीसारखी जळत राहते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी इन्व्हर्टर बंद, मग प्लेटेकडचा स्विच बंद, मग मीटर लावून खात्री, आणि त्यानंतरच जोडाला हात. दोन वेगळ्या कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात म्हणून बसवू नयेत. ते आतून तापतात आणि महिन्या-सहा महिन्यांनी आग लागते. अर्थिंग तर कधीच टाळू नये.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक जपायचे आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आपण पाहिले. नदीकाठच्या शेतातील सौर पंप पाण्यात गेले तरी प्लेटांवर ऊन पडले की वीज तयार होते. लाइट गेली आहे, म्हणजे धोका नाही, असे समजून चिखलातल्या प्लेटा उचलायला कोणी जाऊ नये. आधी जाणकार बोलवावा.

कोणी म्हणेल, एवढे सगळे बघत बसायचे म्हणजे कामे व्हायची कशी? त्यांना मी परमपूज्य बाबासाहेबांची आठवण देतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. देशाला युद्धासाठी कोळसा हवा होता, घाई होती. तरी डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणींत गेले, स्वतः खाली उतरले आणि कामगार कुठे राबतो, कसा राहतो हे डोळ्यांनी पाहिले. देशात वीज कशी वाढवावी याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षही त्या काळात तेच होते. वीज हवी आणि कामगारही जिवंत हवा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. त्यांना त्यात विरोध दिसला नाही.

तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्पमादाचा, म्हणजे बेसावध न राहण्याचा उपदेश केला, हे आपण विहारात ऐकतो. पण "पोरगं बेसावध होतं" असे म्हणून मालकाने हात झटकावेत, यासाठी तो उपदेश नाही. फळी, दोर, बेल्ट देणे हे मालकाचे काम आहे. ते वापरणे आपले.

कायद्याचे थोडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा, नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा हे त्यांत सामावले गेले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे, असे त्यात आता स्पष्ट आहे. हा नियम दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी आहे. चार पोरांची टोळी चालवणारा ठेकेदार "मला लागू नाही" म्हणेल. तेव्हा त्याच्या वरची कंपनी कोणती, तिचे नाव आधीच लिहून घ्यावे. भरपाईसाठी ठेकेदाराबरोबर त्याला काम देणाऱ्या मुख्य मालकालाही जबाबदार धरता येते. माझ्या मेव्हण्याकडे ते नाव आणि हजेरीचा एक चिठोरा जरी असता!

आणि जी गोष्ट आपल्या शंभरांतील नव्वद जणांना माहीत नाही, ती ही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत गवंडी, सेंट्रिंगवाले यांच्याबरोबर "सौर तावदाने" बसवण्याचे कामही आहे. तावदाने म्हणजे आपल्या प्लेटाच. वय १८ ते ६० असेल आणि मागील वर्षभरात ९० दिवस काम केले असेल, तर सोलरवाल्या पोरालाही नोंदणी करता येते. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, हातमोजे आणि बेल्ट असतो. कामावर मृत्यू आला तर वारसांना ५ लाख रुपये आहेत. मुलांच्या शिक्षणाला मदत आहे. नोंदणीला नाममात्र पैसे लागतात, म्हणून दलालाला हजार-दोन हजार देऊ नका. दरवर्षी नूतनीकरण मात्र विसरायचे नाही.

आय.टी.आय. झालेल्या मुलांसाठी केंद्र सरकारचा "सूर्यमित्र" हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१५ पासून निघाला. आक्कांच्या मुलाने कळंब्याच्या आय.टी.आय.मध्ये जाऊन त्याची चौकशी करावी. प्लेटा उचलणारा हेल्पर आणि मीटर लावून तपासणारा कारागीर यांच्या हजेरीत फरक असतो आणि शब्दालाही वजन येते. "फळी टाकल्याशिवाय चढणार नाही," असे हेल्पर म्हणाला तर दुसऱ्या दिवशी दुसरा हेल्पर येतो. चौघांनी मिळून म्हटले तर फळी येते. एकाच वस्तीतली पोरे एकाच टोळीत असतात, त्यांनी एवढे तरी करावे.

आणि ज्यांच्या घरावर योजनेतून प्लेटा बसणार आहेत, त्यांनीही पाहावे. वर चढलेले पोर कोणाचे तरी आहे. बेल्ट कुठे, असे घरमालकाने विचारले की ठेकेदाराला तो टेंपोतून काढावाच लागतो.

आक्का, मुलाला घेऊन येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात थांबा. मंडळाचे अर्ज भरायला आपले दोन शिकलेले तरुण बसणार आहेत. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फोटो आणि ९० दिवसांच्या कामाचा दाखला आणावा. दाखला ठेकेदार देतो, नाहीतर गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेकडून मिळतो. ठेकेदार दाखला देत नसेल तरी या, अर्ज कसा करायचा ते बघू. नव्याने कामाला लागणाऱ्यांनी एक वही आणावी. पहिल्या पानावर ठेकेदाराचे नाव, कंपनीचे नाव, साइटचा पत्ता, आणि पुढे रोजची तारीख. ही वही कामावर न्यायची नाही, घरी आईकडे ठेवायची.

जयभीम.