पीयूसीच्या दाखल्यावर किलोमीटरचा आकडाही येऊ द्या

मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,



दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या कोल्हापूर भागात जुन्या गाड्यांचे व्यवहार वाढतात आणि गॅरेजवर माणसं येतात. "मिस्त्री, बोलणी झालीत, फक्त एकदा नजरेखालून घाला." बहुतेकांची ती घरातली पहिलीच चारचाकी असते. कुणी दागिने मोडलेले असतात, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं असतं. त्यांच्या वतीने हे पत्र लिहितोय.

नुकतीच एक दहा वर्षांची डिझेल गाडी पाहिली. मीटरवर ५२ हजार किलोमीटर. बॉनेटवर हात ठेवला तर गरम, म्हणजे विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलेलं. थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं, किती धूर टाकतं, हे कळू नये म्हणून. ब्रेकच्या पेडलचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगला चकाकी आलेली, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड खचलेली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर आतून धाप लागल्यासारखा धूर बाहेर येत होता. ही गाडी दीड लाख किलोमीटरपेक्षा कमी धावलेली नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. सिद्ध मात्र करू शकत नाही. पूर्वी काट्यांच्या मीटरशी छेडछाड केली की आकडे वरखाली झालेले दिसायचे. आता आकडा चिपमध्ये असतो आणि तो बदलला तर बाहेरून काही कळत नाही. पेडलचं रबर आणि सीट कव्हरही नवं टाकलं, तर माझ्यासारख्यालाही फसायला वेळ लागणार नाही.

तीच गत पुरात बुडालेल्या गाड्यांची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्याकडे किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात विकली, तर तिथल्या माणसाला कसं कळावं? मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो, कारण गुंडाळलेल्या पट्ट्यात चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीच्या खाली आणि सीटच्या रुळांवर गंज शोधतो. विमा कंपनीने जिला 'टोटल लॉस' ठरवलं, तिची ओळख पटवायला गिऱ्हाइकाने सीटबेल्ट ओढत बसावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

साहेब, आपल्या खात्याने बरंच केलंय, ते मानतो. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसीची मुदत दिसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना अधिकारपत्राचा नियम आलाय आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवणंही त्यांना बंधनकारक आहे. पण गाडी डीलरकडे येण्याआधी किती धावली, याची सरकारदरबारी नोंद कुठे आहे?

ती करायला नवं कार्यालय उघडावं लागणार नाही. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्या वर्षातून एकदा, त्याआधीच्या दर सहा महिन्यांनी पीयूसीला जातात. दाखल्यावर 'एमआयएल' नावाचा एक रकाना आहे. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा पेटलेला आहे का, ते तिथे लिहायचं असतं. म्हणजे तपासणाऱ्याने डॅशबोर्डकडे बघणं नियमात आहेच. किलोमीटरचा आकडा त्या दिव्यापासून चार बोटांवर असतो. तेवढा टिपून घ्या, मीटरचा फोटो जोडा आणि तारखेसह वाहन पोर्टलवर सर्वांना दिसू द्या. गाडी न बघता दाखले देणारी केंद्रं आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच फोटो सक्तीचा हवा. पाच वर्षांच्या नोंदींत एका वर्षी ८० हजार आणि पुढच्या वर्षी ४५ हजार दिसले, तर ते ओळखायला मिस्त्री लागणार नाही.

ब्रिटनमध्ये तीन वर्षं झालेल्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. नंबर टाकला की कुणालाही त्या तपासण्यांचा इतिहास किलोमीटरच्या जागी मैलांसह फुकट बघता येतो. मीटर फिरवणं शिक्षेला पात्र करा, असं युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात आपल्या सदस्य देशांना सांगितलंय. आपल्या मोटार वाहन कायद्यातही मीटर फिरवणाऱ्यासाठी स्पष्ट कलम असावं. ते काम करून देणाऱ्यालाही त्यात धरावं.

आणखी दोन मागण्या आहेत. विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून निकालात काढलेल्या गाडीचा तसा शेरा वाहन पोर्टलवर कायमचा राहावा. आणि कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमधल्या संगणकांवर प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर असतात, ते मालकाने मोबाईलवर ओटीपी देऊन संमती दिली की घेणाऱ्याला बघता यावेत. जो मालक संमती देणार नाही, त्याच्या गाडीला गिऱ्हाईक आपोआप कमी भाव देईल.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, कोल्हापूर