साहेबांचं ट्रेनिंग झालं, आपलं कधी?



मागच्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "दादा, मसाल्याचं काम सुरू करते, पण फूडवाले साहेब आले तर काय करू?" प्रश्न छोटा वाटतो, पण याच भीतीपायी कितीतरी जण माल घरातूनच विकतात. लेबल लावत नाहीत, दुकानात ठेवायला देत नाहीत. धंदा तिथंच थांबतो.

ही भीती मला माहीत आहे. आमचं मेडशी अकोला-वाशीम रोडवर. "गाडी आली" असं कोणी म्हटलं की धडाधड शटर खाली. नवीन होतो तेव्हा मीही एकदा ओढलं. रजिस्ट्रेशन होतं, माल चांगला होता, तरीसुद्धा! कारण साहेब काय तपासतात हेच माहीत नव्हतं. गिऱ्हाईक परत गेलं आणि काही चूक नसताना मी चोरासारखा आत बसलो.

आता समोरचा माणूस कसा तयार होतो ते बघा. 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, कृषी अशा विषयांतली पदवी लागते, वर ठरवून दिलेलं प्रशिक्षणही. आणि काम कसं करायचं हे कायद्यानं बांधून दिलंय:

- नमुना घेतला तर नेहमीच्या विक्रीच्या दरानं त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे.
- नमुन्याचे चार भाग करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग तुम्ही मागणी केली तर मान्यताप्राप्त लॅबकडे जातो. त्या लॅबचा खर्च मात्र आपला.
- त्रुटी असतील तर सुधारणा नोटीस देता येते. त्यात किमान 14 दिवसांची मुदत हवी.
- कारण नसताना त्रास द्यायला माल जप्त केला तर अधिकाऱ्यालाच 1 लाखापर्यंत दंड. पण आपली तक्रार खोटी निघाली तर आपल्यालाही 50 हजार ते 1 लाख.

हे किती दुकानदारांना माहीत आहे? साहेबांना माहीत आहे, आपल्याला नाही. भीती इथून येते.

माझं मत स्पष्ट आहे. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात कायदा आणि लॅब हवीच, पण काही दिवस गावातल्या चक्कीवर, पापडाच्या बचत गटात, टपरीवरही काढायला लावा. मोठ्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर असतो. इथं एक ताई आणि एक मिक्सर असतो. तिला कलम नंबर सांगून उपयोग नाही. "ताई, पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळी टाका" हे सांगितलं की काम होतं.

कोणी म्हणेल, अधिकाऱ्याचं काम भेसळ पकडायचं, शिकवायचं नाही. भेसळवाल्याला सोडूच नका! पण त्याला पळवाटा आधीच पाठ असतात. घाबरतो तो प्रामाणिक माणूस.

आणि सरकारवर बोट दाखवून आपण मोकळे होत नाही. एफएसएसएआयचा फॉस्टॅक हा कार्यक्रम 2017 पासून आपल्यासाठीच आहे. बेसिक कोर्स एका दिवसाच्या आत होतो. शेड्यूल 4 मध्ये स्वच्छतेच्या अटी दिल्यात: पाणी, हात धुण्याची सोय, साठवण, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, कामगारांची तब्येत. प्रिंट काढा, भिंतीला लावा. दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःच साहेब बनून आपलं दुकान तपासा. चुका वहीत लिहा.

त्या ताईंना मी एवढंच सांगितलं: साहेब आले तर ओळखपत्र बघा, खुर्ची द्या, रजिस्ट्रेशन आणि वही समोर ठेवा. न समजलेल्या कागदावर सही करू नका, आधी विचारा. पण शटर ओढू नका.

पुढच्या व्हिडिओत शेड्यूल 4 एकेक मुद्दा घेऊन बघू. तोपर्यंत आपल्या दुकानाचा कोपरा न कोपरा तपासून ठेवा.