पहिला वेचा दिवाळीत विकावा लागू नये म्हणून

शाळांच्या व्यवस्थापन समित्या, गृहनिर्माण सोसायट्या, लग्नघरे आणि कापड विकत घेणारे आपण सगळे, यांना हे आवाहन आहे.

विदर्भात कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. कृषी केंद्राची उधारी, वेचणीची मजुरी आणि सणाचा खर्चही तेव्हाच दारात उभा असतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) कापूस घेत नाही. दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्याकडे तो वाळवायला जागा नसते आणि थांबायला पैसा नसतो. मग खेडा खरेदीवाला अंगणात काटा लावतो, भावही तोच सांगतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, पण तो थांबू शकणाऱ्याचा.

एका साध्या सुती शर्टाला सरकीसकट किलोच्या आतबाहेर कापूस लागतो. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला तरी हजाराच्या शर्टात शेतकऱ्याचे ऐंशी रुपये. किलोमागे दहा रुपये वाढवून दिले तर त्याला क्विंटलला हजार जास्त मिळतात आणि आपला शर्ट दहा रुपयांनी महागतो. (मधल्या साखळीने त्या दहाचे पन्नास केले नाहीत तर!)

हे वरचे पैसे दान समजू नका, ते जोखमीचे मोल आहे. जानेवारीत पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटली तर गुलाबी बोंडअळीचे चक्र तुटते, पण फरदडीचे, म्हणजे त्याच झाडांवरच्या पुढच्या वेच्यांचे, उत्पन्न बुडते. कापसाच्या मध्ये तुरीच्या ओळी घ्यायच्या, फवारणी कमी करायची, यात जोखीम शेतकऱ्याचीच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. ती फवारणी कमी व्हावी असे वाटत असेल, तर जोखमीतला वाटा आपणही उचलायला हवा.

करायचे ते असे. पुढच्या जूनचे गणवेश, सोसायटीच्या चादरी, आहेराचे कापड यांची मागणी दसऱ्याआधी शेतकरी उत्पादक कंपनीकडे नोंदवा आणि काही रक्कम आगाऊ द्या. त्या रकमेतून वेचणीची मजुरी भागली की कापूस घरात राहू शकतो. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठ १७० किलोची, तिच्यात साधारण पाच-साडेपाचशे शर्टांचे कापड. एवढ्याशासाठी सूतगिरणी यंत्र लावणार नाही, म्हणून तालुक्यातल्या शाळांनी एकत्र यावे. टेरिकॉटचा हट्ट सोडावा लागेल. इस्त्री जास्त लागेल, तेवढे सोसा.

आणि नुसत्या ‘सेंद्रिय’ शिक्क्यावर विसंबू नका. २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाची बनावट सेंद्रिय प्रमाणपत्रे उघडकीला आली होती. कोणत्या गावचा कापूस, शेतकऱ्याला काय भाव दिला आणि पैसे किती दिवसांत पोचते केले, हे लेखी मागा. उत्तर मिळाले नाही तर दुसरीकडे मागणी नोंदवा.