वचने कोणी गाळली?

गेली काही वर्षे आपल्या धर्मग्रामांतून एक पत्रक अधूनमधून फिरत असते. कधी ते मिस्साहून परतणाऱ्यांच्या हाती दिले जाते, कधी दाराच्या फटीतून आत सरकवलेले आढळते, आता तर फोनवरही येते. मजकूर ठरलेला असतो. कॅथोलिकांनी व नव्या भाषांतरकारांनी बायबलमधील वचने गाळली. आपली प्रत उघडा आणि खात्री करून घ्या. खरे बायबल एकच, इंग्लंडच्या राजा जेम्सच्या काळात १६११ साली छापलेले. खाली ठळक टाइपात प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातील इशारा दिलेला असतो, की या ग्रंथातून जो काही काढून टाकील त्याची धडगत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी हे पत्रक वाचले. नातवाकडून आपली प्रत तपासून घेतली. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात छत्तिसाव्या वचनानंतर एकदम अडतिसावे आलेले त्यांनी पाहिले आणि त्या दिवसापासून रोजचे शास्त्रवाचन बंद केले. अशा वेळी मौन पाळणे हे धर्मगुरूचे सौजन्य ठरत नाही. म्हणून या पत्रककर्त्यांना जाहीर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम त्या सदतिसाव्या वचनाविषयी. प्रेषितांनी लिहिताना वचनांना क्रमांक घातले नव्हते. आज रूढ असलेले नव्या कराराचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले, आणि ते त्या काळी छापलेल्या ग्रीक मजकुरावर घातले. पुढे अधिक जुनी हस्तलिखिते हाती आली तेव्हा काही वाक्ये त्यांत नाहीत असे दिसून आले. वाक्य गेले, पण सर्व जगाची क्रमांकपद्धती बिघडू नये म्हणून क्रमांकाची जागा तशीच मोकळी ठेवली. इथिओपियाच्या अधिकाऱ्याने बाप्तिस्म्यापूर्वी दिलेली कबुली फार प्राचीन आहे, दुसऱ्या शतकातील इरेनियसला ती ठाऊक होती. तरी सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत ती नाही. बहुधा बाप्तिस्मा विधीतील प्रश्नोत्तर कोणा लेखनिकाने समासात टिपले आणि नंतरच्याने ते ओळीत घेतले. सातबाऱ्याचा वाद निघाला म्हणजे आपण मूळ नोंद शोधतो, मागाहून झालेल्या फेरफाराला मूळ नोंद म्हणत नाही. एवढी समज आपल्या वाडीतल्या निरक्षर माणसालाही असते. शास्त्राच्या बाबतीत मात्र पत्रककर्ते फेरफारालाच मूळ नोंद मानून बसले आहेत.

तो फेरफार कसा झाला, हे त्यांनी एकदा शांतपणे वाचावे. राजा जेम्सच्या भाषांतराचा ग्रीक पाया इरास्मसने घातला. हा इरास्मस कॅथोलिक धर्मगुरू होता. १५१६ मध्ये बाझेल येथे त्याने पहिला छापील ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला, आणि तो घाईत केला. हाताशी जेमतेम काही हस्तलिखिते, तीही बहुतांशी बाराव्या शतकाच्या आसपासची. प्रकटीकरणाची तर एकच प्रत, आणि तिचे शेवटचे पान गहाळ. इरास्मसने काय करावे? त्याने आपल्या लॅटिन व्हल्गेटवरून त्या शेवटच्या वचनांचे ग्रीकमध्ये स्वतःच भाषांतर केले आणि छपाईस दिले.

आता गंमत पाहा. त्या शेवटच्या वचनांत, ग्रंथातून काही काढणाऱ्याला दिलेल्या इशाऱ्यात, जुन्या ग्रीक प्रतींमध्ये 'जीवनाचे झाड' असे शब्द आहेत. लॅटिनमध्ये झाडाला 'लिग्नो' आणि पुस्तकाला 'लिब्रो' अशी रूपे येतात. कोणा लॅटिन लेखनिकाच्या हातून एकाचे दुसरे झाले, इरास्मसने ते तसेच ग्रीकमध्ये उतरवले, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात ते 'जीवनाचे पुस्तक' होऊन बसले. म्हणजे आमच्यावर फेकण्यासाठी पत्रककर्ते जे वचन उचलतात, त्याच वचनात त्यांच्या लाडक्या आवृत्तीत एक लॅटिन चूक आहे, आणि तीही आमच्याच कॅथोलिक पोथीतून गेलेली!

योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाची कथा याहून उद्बोधक आहे. स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत आणि ते तिघे एक आहेत, अशा अर्थाचे वाक्य १६११ च्या प्रतीत आहे, आपल्या आजच्या प्रतींत नाही. पत्रकात लिहिलेले असते की कॅथोलिकांनी त्रैक्याचा पुरावा पुसला. वस्तुतः हे वाक्य लॅटिन परंपरेत वाढलेले आहे. आठव्या शतकाच्या आरंभीच्या 'अमियातिनुस' या प्रसिद्ध व्हल्गेट प्रतीतही ते नाही. १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत इरास्मसने ते घेतले नाही. त्यावर ओरड झाली. मग ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत पुढे आली, जी आज डब्लिनमध्ये आहे आणि त्याच्याच काळातली आहे, आणि १५२२ मध्ये त्याने वाक्य घेतले. (इरास्मसने त्याबाबत पैज मारली होती अशी कथा सांगतात; अभ्यासक ती आता खरी मानीत नाहीत.) चौथ्या शतकात एरियसच्या पंथाशी त्रैक्यावरून रणकंदन चालू असता ग्रीक आचार्यांपैकी एकानेही हे वाक्य पुढे केले नाही. हाती ब्रह्मास्त्र असताना ते भात्यात ठेवून कोण लढेल? ते त्यांच्या ग्रंथात नव्हतेच. तरीही निकेया येथे ३२५ मध्ये व कॉन्स्टँटिनोपल येथे ३८१ मध्ये श्रद्धेचे शब्द ठरले. त्रैक्यावरील आपली श्रद्धा या एका ओळीच्या खुंटीवर टांगलेली नाही.

येथे आपल्याही घरात डोकावले पाहिजे. रोममधील होली ऑफिसने १८९७ मध्ये या वाक्याची अस्सलता नाकारता येणार नाही, असे उत्तर दिले होते. १९२७ मध्ये अभ्यासकांना वेगळे मत धरण्याची मुभा असल्याचे स्पष्ट केले. आणि १९७९ च्या रोमच्या अधिकृत 'नोव्हा व्हल्गाता'त ते वाक्य उरले नाही. त्याही आधी, १५९० मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी काढलेली व्हल्गेटची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर मागे घ्यावी लागली आणि १५९२ मध्ये क्लेमेंट आठवे यांच्या काळात दुसरी काढावी लागली. हे लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही. माझे काही बंधू-धर्मगुरू म्हणतात, 'कंस आणि तळटिपा भाविकांना कशाला दाखवायच्या? उगाच गोंधळ होईल.' गोंधळ कंसामुळे होत नाही. कंस का आहे हे कोणी सांगितले नाही म्हणून होतो. आपण सांगितले नाही, म्हणून पत्रकवाल्याने सांगितले, आणि त्याच्या पद्धतीने सांगितले. पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्येच मूळ भाषांतील पाठांकडे वळण्याची आज्ञा केली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मूळ पाठांवरून, शक्य तेथे इतर ख्रिस्ती बांधवांच्या सहकार्याने, भाषांतरे करण्यास सांगितले.

'आमच्या स्वर्गातील बापा' या प्रार्थनेचेही तेच. मिश्र कुटुंबातल्या लग्नात किंवा दफनविधीत आपण 'वाइटापासून' येथे थांबतो आणि प्रॉटेस्टंट नातलग राज्य, पराक्रम व गौरव यांच्या घोषणेपर्यंत पुढे जातात. मग क्षणभर एकमेकांकडे पाहणे होते. मत्तयाच्या सर्वांत जुन्या प्रतींत ती घोषणा नाही. पण ती वाईट नव्हे! 'दिदाखे' या प्राचीन ख्रिस्ती पुस्तकात तिचे थोडे आखूड रूप आहे, आणि आपणही मिस्सामध्ये थोड्या अंतराने ती म्हणतोच.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग निघाला की प्रश्न अधिक कळकळीने येतो: 'फादर, तोही कंसात? मग तो खोटा का?' व्हॅटिकन ग्रंथालयातील आणि सिनाय पर्वतावरील मठातून आलेल्या चौथ्या शतकाच्या प्रतींत हा प्रसंग नाही, हे खरे. पण जेरोमने तो अनेक ग्रीक व लॅटिन प्रतींत पाहिल्याचे नमूद केले आहे. ऑगस्टीनला तर वाटे, की बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काही नवऱ्यांनीच तो वगळला असावा. (ऑगस्टीनला माणसांची पारख होती.) प्रसंग योहानाच्या लेखणीतून उतरला की नाही, हा हस्तलिखितांचा प्रश्न आहे. तो पवित्र शास्त्राचा भाग आहे की नाही, हा ख्रिस्तसभेचा प्रश्न आहे, आणि ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये ग्रंथ त्यांच्या सर्व भागांसह स्वीकारले तेव्हाच तो सुटला. म्हणूनच प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारी, 'क' वर्षात, तो आपण वेदीजवळून वाचतो.

मराठी माणसाला तर हे नवे वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांनी ज्ञानेश्वरी गाळली असे कोणी म्हटले नाही. आपल्या भाषेत कॅरीचा नवा करार १८११ मध्ये आला, पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून आयुष्याच्या अखेरपर्यंत भाषांतर करीत राहिल्या, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. यांतल्या पहिल्या दोघांचा पंथ आपला नव्हता, तरी त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

राजा जेम्सच्या भाषांतरकारांविषयीही मला आदर आहे. त्यांनी लूकच्या सतराव्या अध्यायातील छत्तिसाव्या वचनाशेजारी, ते बहुतेक ग्रीक प्रतींत नाही, अशी टीप समासात स्वतःच छापली होती. ज्या प्रामाणिकपणाबद्दल पत्रकवाले आम्हाला दोषी धरतात, तो १६११ च्या त्या पानावर आहे. आणखी एक गोष्ट त्या मूळ प्रतीत आहे: दोन करारांच्या मध्ये टोबित, यूदिथ, मक्काबी हे ग्रंथ छापलेले आहेत, जे आपल्या बायबलात असल्याबद्दल हेच लोक आपल्याला हिणवतात. पुढच्या खेपेला पत्रक घेऊन कोणी दाराशी आला, तर घरच्या मंडळींनी त्याला आदराने बसवावे, चहा द्यावा, आणि १६११ च्या बायबलातील टोबितचे पुस्तक कोणी गाळले, एवढेच विचारावे.