स्टेज कुठल्या मापाची?

"कितवी स्टेज आहे हो?" कॅन्सरचं नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. नाशिकहून मुंबईला तपासणीसाठी जाणाऱ्या बायकांबरोबर मी बरेचदा जाते. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये त्यांच्या फायली चाळताना दिसतं ते नुसतं 'स्टेज दोन', 'स्टेज तीन'. कोणत्या पद्धतीने, कोणत्या सालच्या नियमांनी, याचा पत्ता नसतो.

मैत्रिणींनो, सोन्याचंच बघा. आजीच्या वेळचा तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त, आजचा सराफाचा दहा ग्रॅमचा. नुसतं 'पाच तोळे' लिहून ठेवलं तर नातीने काय समजायचं?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची स्टेज 'फिगो' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या नियमांनी ठरते. हे नियम २०१८ मध्ये बदलले. समजा, गाठ तीन सेंटीमीटरची, मुखापुरतीच. पण स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींत आजार दिसला. २००९ च्या नियमांनी ही स्टेज एक-बी, कारण तेव्हा ग्रंथी स्टेजमध्ये धरतच नव्हते. २०१८ च्या नियमांनी हीच बाई तीन-सी! आजार तसूभरही वाढलेला नाही, पण जुना कागद एका ठिकाणचा आणि नवा दुसरीकडचा असला, की घरात रडारड सुरू. स्तनाच्या कॅन्सरसाठी 'टीएनएम' पद्धत वापरतात. अमेरिकेत २०१८ पासून लागू झालेल्या तिच्या आठव्या आवृत्तीत गाठ, ग्रंथी आणि फैलाव यांच्या जोडीला हार्मोन आणि हर-टू तपासण्याही स्टेज ठरवताना धरतात.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लक्षणं समजावली आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या बायका अलीकडच्या स्टेजला येऊ लागल्या. हे कळलं ते स्टेजच्या नोंदींवरूनच. उद्या मधेच माप बदललं आणि कोणी ते लिहून ठेवलं नाही, तर पहिलीतल्या काही बायका तिसरीत गेलेल्या दिसतील आणि सगळी मेहनत कागदावर वाया गेलेली! त्यावर निधीचे निर्णय होणार, हे वेगळंच.

म्हणून निदानाच्या वेळीच केसपेपरवर एक ओळ मागून घ्या: पद्धत, आवृत्ती किंवा साल, तारीख, आणि स्टेज ऑपरेशनआधीची की नंतरची. पुढे आजार पसरला तरी ही पहिली नोंद खोडायची नसते. नवी माहिती खाली वेगळी लिहितात. ओपीडीच्या गर्दीत विचारायला संकोच वाटतो, मान्य. पण डॉक्टरांना हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि त्या कागदाची झेरॉक्स घरीही ठेवा.