घराच्या जाहिरातीतील शब्द आणि त्यांचे मोल



घर विकण्याचा किंवा घेण्याचा प्रसंग सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. वीस-पंचवीस वर्षांच्या कष्टाची पुंजी त्या एका व्यवहारात गुंतलेली असते. म्हणून खरेदीखताची भाषा आपण वकिलाकडून तपासून घेतो. परंतु ज्या चार ओळींच्या जाहिरातीपासून हा सारा व्यवहार सुरू होतो, त्या ओळी लिहिण्याचे काम आपण दलालावर सोपवितो आणि दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी वाचताना डोळे मिटून विश्वास ठेवितो. कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत ही चूक मी वारंवार पाहतो. यास्तव आज त्या चार ओळींविषयीच लिहीत आहे.

जाहिरातीतील शब्द आणि घरास मिळणारी किंमत यांचा संबंध अमेरिकेत आकड्यांनी तपासला गेला आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींच्या नोंदी अभ्यासल्या. लेव्हिट यांनी स्टीफन डबनर यांच्यासह लिहिलेल्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या २००५ सालच्या पुस्तकात त्यातील शब्दांचा हिशेब आला आहे. ज्या जाहिरातींत ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘मॅपल’चे लाकूड असा वस्तूचा स्पष्ट उल्लेख होता, ती घरे अधिक किमतीस गेलेली आढळली. उलट ‘अप्रतिम’, ‘प्रशस्त’, ‘मोहक’, ‘उत्तम वस्ती’ असे शब्द आणि उद्गारचिन्हे ज्या जाहिरातींत होती, त्या घरांस किंमत कमी आली.

याचा अर्थ शब्दात काही जादू आहे असा नव्हे. ग्रॅनाइट लिहिल्याने ओट्यावर ग्रॅनाइट येत नाही. ज्याच्या घरात सांगण्याजोगे काही असते, तो ते नाव घेऊन सांगतो. ज्याच्यापाशी सांगण्याजोगे फारसे नसते, तो विशेषणांचा आश्रय घेतो. खरेदीदारही हे जाणतो. जी गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहता येते, मोजता येते, तिच्यासाठी तो पैसे मोजतो. नुसत्या स्तुतीसाठी कोणी पैसे मोजीत नाही.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा आहे. एजंट जेव्हा स्वतःचे घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीस जाते आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस अधिक राहते. स्वतःच्या घराच्या जाहिरातीत तो पोकळ विशेषणे टाळतो आणि वस्तूंची नावे देतो. मग तुमच्या घरासाठी तो तसे का करीत नाही? हिशेब साधा आहे. समजा, तुमचे घर पन्नास लाखांचे आहे आणि दलाली एक टक्का ठरली आहे. आणखी काही दिवस थांबून एक लाख रुपये अधिक मिळाले, तर तुमच्या पदरी ९९,००० रुपये पडतात आणि दलालाच्या पदरी केवळ १,००० रुपये. त्या हजार रुपयांसाठी तो का थांबेल? तात्पर्य, लवकर विक्री होण्यात त्याचे हित आहे आणि योग्य किंमत येण्यात तुमचे. तो दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. त्याचे हित वेगळे आहे, एवढेच म्हणतो.

हे ध्यानात ठेवून आपल्याकडील जाहिराती वाचा. ‘तातडीने विकणे आहे’ या तीन शब्दांनी मालकाची गरज चव्हाट्यावर येते आणि येणारा प्रत्येकजण किंमत पाडूनच बोलतो. खरोखरीच घाई असेल तर कमी किंमत पत्करण्याचा निर्णय तुम्ही घ्या. पण तो निर्णय तुमच्या नकळत दलालाने घेऊ नये. ‘हवेशीर, प्रशस्त’ असे लिहिण्याऐवजी कार्पेट क्षेत्रफळ चौरस फुटांत लिहा. मजला, लिफ्ट, पाणी किती वेळ येते, सोसायटीचा मासिक खर्च, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, घरावर कर्ज आहे की नाही, हे लिहा. जे लिहाल ते मात्र खरे असले पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणारा आणि विक्रेत्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

घर घेणाऱ्यांनी ही रीत उलट वापरावी. जाहिरातीत काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही ते पाहावे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे अंतर पायी की मोटारीने, ते स्वतः चालून पाहावे. बिल्डरकडून नवे घर घेत असाल तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, तुमच्या पाठीशी आहे. त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावाच लागतो. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर कलम १२ प्रमाणे भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. यास्तव जाहिरातीचे कात्रण आणि माहितीपत्रक जपून ठेवा. तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण असते. छापलेला शब्द पुरावा ठरतो.

शेवटी आणखी एका शब्दप्रयोगाविषयी. ‘केवळ अमुक समाजासाठी’, ‘फक्त शाकाहारींसाठी’ अशा ओळी आपण वाचल्या आहेत आणि त्यामागे कोणास दाराबाहेर ठेवावयाचे आहे हेही आपण ओळखतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश, वर्ण वा धर्म यांवरून पसंती दर्शविणारी घराची जाहिरात छापणेच बेकायदेशीर ठरविले. अशी ओळ लिहिणारा माणूस अन्याय तर करतोच, शिवाय गिऱ्हाइके कमी करून स्वतःच्या घराची किंमतही घटवितो. आपण घर विकू तेव्हा अशी ओळ आपल्या जाहिरातीत कदापि येता कामा नये.

तेव्हा पुढील वेळी दलाल चार ओळी लिहून आणील, त्या वेळी घरातील सर्वांनी, मुलींनी व सुनांनीसुद्धा, एकत्र बसून त्या वाचाव्यात. प्रत्येक विशेषणास विचारावे : हे मोजता येते काय, दाखविता येते काय? येत नसेल तर ते खोडून टाकावे आणि त्या जागी वस्तुस्थिती लिहावी. घर तुमच्या कष्टाचे आहे. त्याविषयीचे शब्दही तुमच्या हातचे असू द्या.